‘…घराण्याचे योगदान’ या विषयाचं काय करायचं? बोस्टनच्या पर्किन्स कुटुंबाच्या निमित्ताने

पेटचा निकाल लागला की इतिहासाच्या विभागात सिनॉप्सिसचे गठ्ठे फिरायला लागतात. त्यात एक शीर्षक हमखास असतं : ‘अमुक शहराच्या विकासात तमुक घराण्याचे योगदान : एक ऐतिहासिक अभ्यास’. प्रकरणंही ठरलेली. पहिल्यात घराण्याचा पूर्वेतिहास, दुसऱ्यात व्यापार, तिसऱ्यात शैक्षणिक कार्य, चौथ्यात आरोग्यविषयक कार्य आणि शेवटी मूल्यमापन. तुमच्या मनात असा विषय असेल तर तो सोडा असं मी सांगणार नाहीये. दानशूर घराणी हा शहराच्या इतिहासाचा खरोखर चांगला विषय आहे. माझा आक्षेप ‘योगदान’ या एका शब्दाला आहे. तो शीर्षकात आला की उत्तर आधीच देऊन झालेलं असतं. योगदान होतंच, आता फक्त त्याची यादी करायची. मग तीन-चार वर्षं आपण यादी करत बसतो.

हे दाखवायला मी मुद्दाम लांबचं उदाहरण घेतेय. जवळच्या घराण्यांबद्दल लिहिताना आपण नकळत सांभाळून लिहितो. कोणाचा पुतळा चौकात असतो, कोणाच्या नावाच्या कॉलेजात आपण शिकलेलो असतो. बोस्टनच्या पर्किन्स कुटुंबाशी आपलं तसं काही देणंघेणं नाही. (थोडं आहे, पण ते पुढे.)

आधी या कुटुंबाचं नेहमीचं चित्र बघा. थॉमस हँडासिड पर्किन्स, जन्म १७६४, मृत्यू १८५४. वडील लवकर गेले. आई एलिझाबेथने आठ मुलं वाढवली आणि दुकानही चालवलं. थॉमसने थोरला भाऊ जेम्स याच्याबरोबर १७९२ मध्ये ‘जे. अँड टी. एच. पर्किन्स’ ही पेढी काढली आणि चीनच्या व्यापारात अफाट पैसा कमावला. जेम्सने पर्ल स्ट्रीटवरचा आपला वाडा बोस्टन अथेनियम या ग्रंथालयाला दिला. थॉमसने त्याच रस्त्यावरचा आपला वाडा १८३३ मध्ये अंधांच्या शाळेला दिला. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल, बंकर हिलचं स्मारक, हार्वर्डमधलं गणित आणि खगोलशास्त्राचं अध्यासन, सगळीकडे हे नाव आहे. अंधांची शाळा आजही ‘पर्किन्स’ नावानेच ओळखली जाते. लॉरा ब्रिजमन ही अंध आणि बहिरी मुलगी तिथे १८३७ मध्ये आली. डिकन्स १८४२ साली तिला भेटला आणि त्याने तिच्याविषयी लिहिलं. ते हेलन केलरच्या आईच्या वाचनात आलं आणि शेवटी १८८७ मध्ये याच शाळेची विद्यार्थिनी ॲन सलिव्हन हेलनला शिकवायला गेली. हेलन केलरचा धडा आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत वाचलाय. तेव्हा त्या वाड्याचा उजेड आपल्यापर्यंतही पोचला, असं म्हणायला हरकत नाही.

याच काळात बोस्टन कसं वाढलं तेही लक्षात ठेवा. १७९० मध्ये सुमारे १८ हजार वस्ती, १८२० मध्ये ४३ हजार, १८५० मध्ये १ लाख ३६ हजारांच्या पुढे. १८२२ पर्यंत तर बोस्टन कायद्याने ‘सिटी’ही नव्हतं, गावसभेवर चालणारं ‘टाउन’ होतं. नगरपालिकेचं रुग्णालय नाही, नगरपालिकेचं वाचनालय नाही. ही जागा ज्यांनी भरली, त्यांना शहराचे शिल्पकार म्हणायचं का, असा प्रश्न सहज पडतो. चुकतो तो तिथेच. कारण आपण लगेच हो किंवा नाही म्हणायला धावतो.

आता साधनांकडे या. पर्किन्सवरचं पहिलं महत्त्वाचं लेखन १८५६ चं, म्हणजे मृत्यूनंतर दोनच वर्षांनी आलेलं. त्यात त्याच्या रोजनिशीतले आणि पत्रांमधले उतारे आहेत, म्हणून पुढचे सगळे त्याचा वापर करतात. लेखक थॉमस ग्रीव्हज कॅरी. कोण हा कॅरी? पर्किन्सचा जावई. सासऱ्याच्या कागदांतून काय छापायचं, हे जावयाने ठरवलंय. त्याचंच चरित्र-लेखन फ्रीमन हंट या संपादकाच्या ‘अमेरिकन व्यापाऱ्यांची चरित्रे’ अशा अर्थाच्या संग्रहातही आलं. तो संग्रह काढला गेला तो धंद्यात पडणाऱ्या तरुणांपुढे आदर्श ठेवण्यासाठी. म्हणजे घरचा माणूस लिहितोय, आणि वाचक आहे कारकुनी करणारा, उद्या व्यापारी होऊ पाहणारा मुलगा. अशा पुस्तकात भर चारित्र्यावर असणार, सचोटी, धाडस, दूरदृष्टी यांवर असणार. त्यात नवल नाही. नवल याचं की आपण अशा पुस्तकातले गुण तसेच्या तसे उचलतो आणि ‘मूल्यमापन’ या प्रकरणात चिकटवतो.

एक छोटं काम देते. कॅरीचं पुस्तक हक्कमुक्त आहे, इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतं. त्यात ‘ओपियम’ हा शब्द शोधा. मग ‘टी’, ‘फर’, ‘ऑनर’ हे शब्द शोधा. किती वेळा येतात, कुठल्या प्रसंगात येतात, ते वहीत लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण जावयाने सासऱ्याची कशी ओळख करून दिलीय ते त्यातून जेवढं कळेल, तेवढं दहा दुय्यम पुस्तकांतून कळणार नाही.

दुसरं पुस्तक कार्ल सीबर्ग आणि स्टॅन्ली पॅटरसन यांचं, १९७१ मध्ये हार्वर्डने काढलेलं. पर्किन्सवरचं अजूनही सगळ्यात भरघोस चरित्र हेच. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला ते आवडतं. अफू लपवलेली नाही, गुलामांचा व्यापार लपवलेला नाही. पण नाव बघा : ‘मर्चंट प्रिन्स ऑफ बोस्टन’. आणि घाट चरित्राचा, जन्मापासून मृत्यूपर्यंत. चरित्रात माणसाचं वय वाढत जातं तसा व्यापार मागे पडतो आणि म्हातारपणी दान येतं. वाचकाच्या मनात आपोआप एक गोष्ट तयार होते : तरुणपणी कमावलं, उतारवयात परत दिलं. ही गोष्ट कोणी खोटी लिहिलेली नाही. ती चरित्राच्या घाटातूनच तयार होते. तुमच्या प्रबंधाची प्रकरणं ‘व्यापार’, मग ‘शैक्षणिक कार्य’, मग ‘आरोग्यविषयक कार्य’ अशी लागली की तुमच्याही हातून हेच होणार.

तर व्यापार म्हणजे नेमकं काय होतं? इथे जरा थांबू या, कारण या विषयाचं सगळं वजन इथे आहे.

भावांची सुरुवात कॅरिबियनमधल्या सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीत झाली, म्हणजे आजच्या हैतीमध्ये. तिथल्या पेढीच्या उलाढालीत पीठ, मासे, घोडे आणि गुलाम माणसं, असं सगळं होतं. १७९१ मध्ये तिथल्या गुलामांनी बंड केलं आणि तो धंदा कोसळला. थॉमस त्याआधीच, १७८९ मध्ये, ‘अस्ट्रिया’ जहाजावरून कँटनला जाऊन आला होता. पेढी मग चीनकडे वळली. अडचण अशी की चीनकडून चहा आणि रेशीम हवं, पण चीनला अमेरिकेकडून फारसं काही नको. मग स्पॅनिश डॉलर पेटाऱ्यांत भरून न्यायचे. ते नको म्हणून वायव्य किनाऱ्यावरच्या पाणमांजरांची कातडी, चंदन, जिनसेंग असं काहीबाही न्यायचं. कातडी देणारे प्राणी संपत आले. अफू मात्र संपत नव्हती.

बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. म्हणून अमेरिकन व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानातल्या स्मर्ना बंदराकडे मोर्चा वळवला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून तिथली अफू कँटनकडे जाऊ लागली. या व्यापारात पर्किन्सांची पेढी आघाडीवर होती. चीनमध्ये अफूवर बादशाही बंदी होती, म्हणून माल कँटनच्या धक्क्यावर उतरवायचा नाही. लिंटिन बेटापाशी नांगरून ठेवलेल्या कोठाराच्या जहाजांवर तो चढवायचा, चिनी तस्करांच्या वल्ह्यांच्या होड्या तिथे येऊन चांदी मोजणार आणि पेट्या घेऊन जाणार. ती चांदी कँटनमध्ये चहा विकत घ्यायला उपयोगी. चहा बोस्टनला, तिथून युरोपलाही.

आता तुम्ही म्हणाल, मग झालंच की, दान म्हणजे अफूचा पैसा, विषय संपला. अलीकडे बरंच लेखन याच सुरात येतंय, आणि ते यायलाच हवं होतं. पण संशोधक म्हणून इथे दोन गोष्टी खटकायला हव्यात. एक, तो पैसा वेगळा काढता येत नाही. अफूची चांदी चहात गेली, चहाचा नफा जहाजांत, विम्यात, जमिनीत, गिरण्यांत. ‘पर्किन्सच्या देणग्यांपैकी इतके टक्के अफूचे’ असं वाक्य कोणी लिहिलं तर त्याला हिशेब मागा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘थोर दानशूर’ म्हणणारा आणि ‘अफूचा तस्कर’ म्हणणारा, दोघेही एकाच माणसाच्या पाप-पुण्याचा हिशेब मांडतायत. शहराचं काय झालं, हे दोघेही विचारत नाहीत. तुमचा विषय शहराचा इतिहास आहे ना?

मात्र हे म्हणताना एक पळवाट बंद करून टाकते, कारण व्हायव्हात ती हमखास निघते : ‘त्या काळी सगळेच करत होते, आजच्या नीतीने कसं तोलायचं?’ सगळेच करत नव्हते. न्यूयॉर्कच्या ऑलिफंट अँड कंपनीने अफूला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि पाळलं. कँटनमधल्या इतर व्यापाऱ्यांनी त्यांच्या जागेला थट्टेने ‘झायन्स कॉर्नर’ नाव ठेवलं होतं. थट्टा केली याचा अर्थ प्रश्न त्यांना माहीत होता. जॅक डाउन्स या इतिहासकाराने १९६८ मध्ये एका लेखात आणि पुढे ‘द गोल्डन घेटो’ या पुस्तकात अमेरिकन व्यापाऱ्यांच्या अफूची बारकाईने छाननी केलीय, तो लेख तरी वाचाच. ‘त्या काळी’ हे शब्द लिहिण्याआधी त्या काळात वेगळं वागलेला एक तरी माणूस शोधायचा, एवढा साधा नियम आहे. बहुतेक वेळा तो सापडतो.

आता दानाकडे. ‘वाडा दिला’ या दोन शब्दांत काय काय दडलंय ते बघा.

अंधांच्या शाळेची कल्पना पर्किन्सची नव्हती. जॉन डिक्स फिशर या डॉक्टरने पॅरिसमधली शाळा पाहून ती आणली. १८२९ मध्ये संस्थेची सनद मिळाली. सॅम्युअल ग्रिडली हाउ संचालक झाला आणि १८३२ मध्ये स्वतःच्या वडिलांच्या घरात मोजक्या मुलांवर त्याने शाळा सुरू केली. पर्किन्सने १८३३ मध्ये वाडा देऊ केला तो एका अटीवर : लोकांनी ५०,००० डॉलर उभे करायचे. ते थोड्याच काळात उभे राहिले, आणि त्यात बोस्टन-सेलमच्या बायकांनी वस्तू करून विकण्याच्या ज्या जत्रा भरवल्या, त्यांचा मोठा वाटा होता. शिवाय मॅसॅच्युसेट्स राज्य दरवर्षी अनुदान देत होतं आणि त्याबदल्यात गरीब मुलांना मोफत प्रवेश होता. शेजारची राज्यंही आपापल्या मुलांचा खर्च देत होती. म्हणजे एका घराण्याची मानली जाणारी ही शाळा वर्गणीवर, बायकांच्या कष्टावर आणि सरकारी पैशावर चालत होती. नाव मात्र पर्किन्सचं.

याने पर्किन्सचं दान खोटं ठरतं का? नाही. सशर्त देणगी हे एक यंत्र आहे, एवढंच यातून दिसतं. एकाने मोठी रक्कम टेबलावर ठेवायची आणि इतरांना सामील व्हायला भाग पाडायचं. अथेनियमच्या बाबतीतही १८२६ मध्ये हेच केलं गेलं. थॉमसने आणि त्याच्या पुतण्याने प्रत्येकी ८,००० डॉलर देऊ केले, इतरांनी तेवढेच घातले तर. हे यंत्र बोस्टनमध्ये इतकं चांगलं का चाललं, आणि त्यातून कोणाचे हात बळकट झाले, हा खरा संशोधन-प्रश्न.

तो वाडा शाळेकडे फार दिवस राहिलाही नाही. १८३९ मध्ये पर्किन्सच्या संमतीने तो देऊन दक्षिण बोस्टनमधलं एक मोठं हॉटेल शाळेसाठी घेतलं गेलं, आणि त्यानंतर संस्थेला त्याचं नाव मिळालं. अथेनियमही १८४९ मध्ये पर्ल स्ट्रीट सोडून बीकन स्ट्रीटवर गेलं. कारण त्या काळात पर्ल स्ट्रीट बदलत होता. श्रीमंतांची राहती घरं जाऊन घाऊक व्यापाराच्या वखारी येत होत्या. धनिक कुटुंबं टेकडीच्या आणि कॉमनच्या बाजूला सरकत होती, थॉमस पर्किन्सही टेंपल प्लेसला गेला. मी असं म्हणत नाही की नकोसा झालेला वाडा दान केला. तसं म्हणायला पुरावा लागेल. पण ‘शैक्षणिक कार्य’ या प्रकरणात वाड्याची किंमत लिहिण्याआधी त्या रस्त्याचा नकाशा, मालमत्ता-कराच्या नोंदी आणि शेजाऱ्यांची नावं दहा-दहा वर्षांच्या अंतराने लावून बघा. एका घराण्याची देणगी मग वाढत्या शहराच्या जमिनीच्या इतिहासात जाऊन बसते. ‘शहराच्या विकासात’ हे शब्द शीर्षकात असतील तर हे काम टाळता येणार नाही.

‘वाचनालय’ या शब्दाचंही असंच. आपल्याकडच्या सिनॉप्सिसमध्ये अथेनियम सरळ ‘सार्वजनिक वाचनालय’ म्हणून गेलं असतं. ते सार्वजनिक नव्हतं, भागधारकांचं होतं. सगळ्यांना खुलं असलेलं बोस्टन पब्लिक लायब्ररी १८५४ मध्ये सुरू झालं, त्याच वर्षी जानेवारीत पर्किन्स वारला. कुठल्याही दानाबद्दल लिहिताना दाराशी उभं राहा आणि आत कोणाला सोडत होते ते बघा.

बंकर हिलच्या स्मारकाचा किस्सा तर वर्गात सांगण्यासारखा आहे. पायाभरणी १८२५ ची. दगड क्विन्सीच्या खाणीतून आणायचा होता, त्यासाठी १८२६ मध्ये घोड्यांनी ओढायची ग्रॅनाइट रेल्वे बांधली गेली, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या रेल्वेंपैकी एक. पैसा आणि पुढाकार पर्किन्सचा. देशभक्ती झाली, आणि दगडाची कंपनीही उभी राहिली. स्मारकाचे पैसे मात्र मध्येच संपले. शेवटी १८४० मध्ये सारा जोसेफा हेल यांच्या पुढाकाराने बायकांनी क्विन्सी मार्केटमध्ये जत्रा भरवली, ३०,००० डॉलरच्या वर रक्कम जमली आणि १८४३ मध्ये स्मारक पुरं झालं. जत्रा, जत्रा, पुन्हा जत्रा. घराण्याच्या चरित्रात याला एक ओळ मिळते.

पीटर डॉब्किन हॉल, रोनाल्ड स्टोरी, रॉबर्ट डॅल्झेल ही नावं टिपून ठेवा. १९८० च्या दशकात या मंडळींनी प्रश्नच फिरवला. हार्वर्ड, अथेनियम, रुग्णालय या संस्थांनी शहराला काय दिलं हे त्यांनी विचारलंच, पण देणाऱ्यांना एक वर्ग म्हणून कसं बांधलं हेही विचारलं. त्यातलं एक उदाहरण मला अजूनही थक्क करतं. मॅसॅच्युसेट्स हॉस्पिटल लाइफ इन्शुरन्स कंपनी, सनद १८१८ ची. नाव वाचून वाटतं गरिबांच्या आयुर्विम्याची असेल. प्रत्यक्षात श्रीमंत कुटुंबांचे विश्वस्त-निधी सांभाळणं हे तिचं मुख्य काम झालं, आणि तो पैसा कर्जाऊ जायचा तो मोठ्या प्रमाणावर कापड गिरण्यांना. विम्याच्या नफ्याचा एक तृतीयांश भाग सनदेप्रमाणे रुग्णालयाला. मुलांनी वडिलांचा पैसा उधळू नये, तो पिढ्यान् पिढ्या एकत्र राहावा, त्यावर उद्योग चालावेत आणि वर रुग्णालयही चालावं, असं सगळं एकाच दारातून. धर्मादाय कुठे संपतो आणि भांडवल कुठे सुरू होतं, दाखवा बोट ठेवून!

आणि आता ‘घराणं’ या शब्दाकडे. इंग्रजी साधनं वाचताना तुम्हाला सारखा ‘नेफ्यू’ हा शब्द भेटेल. तो पुढे ढकलू नका, मराठीत आणा. लगेच विचारावं लागतं : पुतण्या की भाचा? आणि इथे मराठीने माझं बरंच काम सोपं केलं. कँटनची पेढी पंचवीसेक वर्षं ज्याने सांभाळली तो जॉन पर्किन्स कुशिंग भाचा होता, बहीण ॲनचा मुलगा. १८०३ मध्ये सोळा वर्षांचा असताना कारकून म्हणून गेला, वरचा माणूस आजारी पडून वारला आणि कारभार या पोराच्या हातात आला. कँटनचा सगळ्यात मोठा व्यापारी हौक्वा याच्याशी त्याचा विश्वासाचा संबंध जुळला. पेढीचं यश बऱ्याच अंशी त्या संबंधावर उभं होतं. कुशिंग परत आल्यावर काम पाहायला आलेला थॉमस टनो फोर्ब्स हाही भाचा, बहीण मार्गारेटचा मुलगा. तो १८२९ मध्ये वादळात बुडाला. त्याचा भाऊ रॉबर्ट बेनेट फोर्ब्स लिंटिनच्या कोठार-जहाजाचा कप्तान. धाकटा जॉन मरे फोर्ब्स कँटनहून परतून मिशिगन आणि शिकागोकडच्या रेल्वेत पैसा घालणारा. बोस्टनच्या पेढीत भागीदार सॅम्युअल कॅबट, तो जावई. चरित्रकार कॅरी, जावई. कॅरीची मुलगी, म्हणजे थॉमसची नात, एलिझाबेथ अगासिझ, पुढे रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजची पहिली अध्यक्ष.

पर्किन्स आडनावाचा माणूस यात किती जागी दिसतो, मोजा. घराणं चाललं ते बहिणींच्या आणि मुलींच्या बाजूने. वंशावळ बापाच्या नावावर काढली तर हा सगळा पट हातातून निसटतो. थॉमसची आई एलिझाबेथ १८०० मध्ये अनाथ मुलींसाठी निघालेल्या बोस्टन फीमेल असायलमच्या संस्थापकांपैकी एक होती, म्हणजे मुलांचा चीनचा पैसा नीट यायला लागण्याआधीच. ‘दानशूर घराणं’ असेल तर ते सुरू कुठून झालं, हाही प्रश्न मग नव्याने विचारता येतो.

सुरुवातीला म्हटलं होतं की या कुटुंबाशी आपलं थोडं देणंघेणं आहे. स्मर्नाची अफू ज्या बाजारात जात होती, त्याच बाजारात मुंबईहून माळव्याची अफू जात होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती कापूस आणि याच व्यापारातून आली, आणि त्यातून १८४५ चं रुग्णालय, माहीमचा कॉजवे, पुढे कलाशाळा उभी राहिली. अमर फारुकी यांचं ‘ओपियम सिटी’ हे छोटं पुस्तक मुंबईबद्दल नेमकं हेच मांडतं. अमिताव घोष यांनी ‘स्मोक अँड ॲशेस’मध्ये बोस्टनची कुटुंबंही घेतली आहेत आणि आपला किनाराही. पण तुलना जपून करा. बोस्टनचे व्यापारी स्वतःच्या राज्यात स्वतः सनदा मिळवत होते, तिथल्या सिनेटमध्ये बसत होते. मुंबईत दान करणाऱ्यासमोर इंग्रज सरकार होतं, पदव्या होत्या, सरकारी अटी होत्या. दोघांनी रुग्णालयाला पैसे दिले एवढ्यावरून दोन्ही दानं सारखी होत नाहीत. ‘तौलनिक अभ्यास’ असा शब्द टाकून हा फरक झाकला तर आरएसीमधले परीक्षक विचारतील, आणि त्यांनी विचारायलाच हवं.

मग शीर्षकाचं काय? ‘योगदान’ काढून टाका आणि त्या जागी एक क्रियापद येईल असं बघा. ‘बोस्टनमध्ये सशर्त देणग्या कशा चालत (१८२०–१८४०)’ हा विषय ‘पर्किन्स घराण्याचे योगदान’पेक्षा अरुंद दिसतो, पण त्यात पुरावा कुठे शोधायचा ते शीर्षकच सांगतं : देणगीची पत्रं, विश्वस्तांच्या बैठकींची इतिवृत्तं, वर्गणीदारांच्या याद्या, मालमत्तेच्या नोंदी. पर्किन्स शाळेचे जुने वार्षिक अहवालही इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. सुरुवातीच्या वर्षांचे उघडा आणि जमा-खर्चाचं पान आधी वाचा, हाउसाहेबांची सुंदर प्रस्तावना नंतर. आणि कॅरीच्या पुस्तकातला तो शब्दांचा शोध घेतलात की आकडे खाली कॉमेंटमध्ये टाका.